पूरक उपचार स्वीकारण्यापूर्वी पुरावा कसा तपासावा

कंबरदुखीवर ॲक्युपंक्चर उपयोगी पडते का, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाला दोन प्रतिष्ठित संस्थांनी परस्परविरोधी उत्तरे दिलेली आहेत. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने 2016 च्या मार्गदर्शक तत्त्वांत कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर देऊ नये असे सांगितले, तर अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2017 मध्ये त्याच तक्रारीसाठी औषधांआधी करून पाहण्याजोग्या उपायांत त्याचा समावेश केला. त्यात भर म्हणजे, ज्या दीर्घकालीन दुखण्याचा उलगडा दुसऱ्या कोणत्याही आजाराने होत नाही, अशा दुखण्यासाठी ॲक्युपंक्चरचा विचार करण्यास हरकत नाही, असे ‘नाइस’नेच 2021 मध्ये म्हटले. यातील कोणत्याही संस्थेने निष्काळजीपणा केलेला नाही. दोघींसमोरचा पुरावाही बराचसा एकच होता. फरक पडला तो उपचाराची तुलना कशाशी करायची आणि किती फायदा झाला म्हणजे पुरेसा मानायचा, या निवडीमुळे.

म्हणून एखादी उपचारपद्धती ‘चांगली’ की ‘वाईट’ असा सरसकट निकाल शोधत बसू नये. आपली नेमकी तक्रार कोणती आहे, त्या तक्रारीवर तो उपचार कशाच्या तुलनेत तपासला गेला, परिणाम कशाने मोजला आणि आपण तो चालू उपचाराच्या जोडीने घेणार आहोत की त्याऐवजी, हे चार प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत. यापैकी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘त्याऐवजी’ असे असेल, तर बाकीच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे कितीतरी अधिक भक्कम असावी लागतात.

तुलना कशाशी झाली?

जर्मनीत झालेल्या आणि 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दीर्घकालीन कंबरदुखीच्या 1162 रुग्णांचे, कोणाला काय मिळणार हे केवळ योगायोगावर सोडून, तीन गट केले गेले. पहिल्या गटाला पारंपरिक बिंदूंवर ॲक्युपंक्चर देण्यात आले, दुसऱ्या गटाला त्या बिंदूंपासून दूर, वरवर सुया टोचून लुटुपुटीचे ॲक्युपंक्चर देण्यात आले आणि तिसऱ्या गटाला औषधे, फिजिओथेरपी व व्यायाम हे नेहमीचे उपचार मिळाले. सहा महिन्यांनंतर ठरवलेल्या निकषाइतकी सुधारणा अनुक्रमे 47.6, 44.2 आणि 27.4 टक्के रुग्णांत दिसली.

हे तीन आकडे समोर ठेवून दोन वेगवेगळ्या बातम्या लिहिता येतात, आणि दोन्ही खऱ्या ठरतात. ‘ॲक्युपंक्चर नेहमीच्या उपचारांपेक्षा बरेच सरस’ हे मथळ्याला शोभेल, आणि ‘खऱ्या व खोट्या ॲक्युपंक्चरमध्ये फरकच नाही’ हेही शोभेल. माझ्या मते या चाचणीतून निघणारा प्रामाणिक अर्थ असा की, नेमक्या बिंदूंविषयीचा सिद्धान्त या तक्रारीपुरता टिकला नाही. मात्र सुया, निवांतपणे पडून राहणे, उपचारकाने दिलेला वेळ आणि बरे वाटेल ही अपेक्षा या सगळ्या गोष्टींचा मिळून रुग्णाला खरोखर उपयोग झाला. पुढे 2018 मध्ये 39 चाचण्यांतील 20,827 रुग्णांची माहिती एकत्र करून झालेल्या विश्लेषणातही हेच चित्र बहुतांशी कायम राहिले: लुटुपुटीच्या उपचारापेक्षा खरे ॲक्युपंक्चर सरस ठरले खरे, पण तो फरक लहान होता, आणि ॲक्युपंक्चर न घेणाऱ्यांच्या तुलनेतला फरक बराच मोठा होता.

तेव्हा एखाद्या अभ्यासाचा दाखला कोणी दिला की सर्वप्रथम दुसऱ्या गटाला काय मिळाले हे शोधावे. दुसरा गटच नसेल आणि ‘शंभरपैकी ऐंशी रुग्णांना बरे वाटले’ एवढेच सांगितलेले असेल, तर त्या माहितीवरून कोणताही निर्णय घेता येत नाही. ज्या गटाला काहीच मिळाले नाही, केवळ प्रतीक्षा यादीत ठेवले गेले, त्याच्याशी तुलना असेल, तर जवळजवळ कोणताही उपचार उजळून दिसतो. लुटुपुटीच्या उपचाराशी तुलना सर्वांत कडक असते; आणि सध्याच्या सर्वांत चांगल्या उपचाराशी केलेली तुलना रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी असते, कारण त्याच्यासमोरची प्रत्यक्ष निवड तीच असते.

परिणाम कशाने मोजला?

या मुद्द्यासाठी 2011 मध्ये प्रसिद्ध झालेला दम्याचा एक छोटा अभ्यास लक्षात ठेवावा. मला तर या संपूर्ण विषयात त्याहून बोलके उदाहरण ठाऊक नाही. सौम्य ते मध्यम दमा असलेल्या रुग्णांना वेगवेगळ्या भेटींत श्वासनलिका रुंद करणाऱ्या सालब्युटामॉलचा खरा इन्हेलर, औषध नसलेला इन्हेलर, लुटुपुटीचे ॲक्युपंक्चर किंवा काहीच न देता केवळ थांबवून ठेवणे, असे चारही प्रकार आळीपाळीने मिळाले. आपल्याला किती बरे वाटले हे रुग्णांना विचारले, तेव्हा खऱ्या इन्हेलरनंतर सुमारे 50 टक्के, खोट्या इन्हेलरनंतर 45 टक्के आणि खोट्या सुयांनंतर 46 टक्के सुधारणा त्यांनी सांगितली. काहीच न मिळाल्यावर ती 21 टक्के होती. यंत्राने मात्र वेगळे उत्तर दिले. एका सेकंदात जोराने बाहेर सोडलेल्या हवेचे प्रमाण खऱ्या औषधाने सुमारे 20 टक्क्यांनी वाढले आणि उरलेल्या तिन्ही प्रकारांत फक्त 7 टक्क्यांच्या आसपास. रुग्ण खोटे बोलत नव्हते. त्यांना खरोखरच बरे वाटत होते, पण त्यांच्या श्वासनलिका आकुंचित राहिल्या होत्या. अशा बरे वाटण्यावर विसंबून खरा इन्हेलर बाजूला ठेवणारा रुग्ण पुढच्या तीव्र झटक्यात जिवाला मुकू शकतो.

यावरून व्यवहारात वापरता येईल असा एक नियम निघतो. वेदना, मळमळ, चिंता, निद्रानाश, थकवा यांसारख्या तक्रारींत रुग्णाला काय वाटते हेच अखेरचे मोजमाप असते; तिथे ‘बरे वाटले’ ही साक्ष ग्राह्य आहे, मात्र ती तुलनात्मक चाचणीतून आलेली असावी. उलट रक्तदाब, रक्तातील साखर, कर्करोगाची गाठ, जंतुसंसर्ग, डोळ्यातील दाब, मूत्रपिंडाचे काम या गोष्टी बिघडत असताना माणसाला पुष्कळदा काहीच जाणवत नाही. त्यांच्यासाठी कोणताही उपचार सुचवला गेला तर मोजलेला आकडा मागावा, आणि शक्य असेल तिथे आकड्याच्याही पुढे जाऊन पक्षाघात, हृदयविकाराचा झटका किंवा मृत्यू यांत घट झाली का हे विचारावे. मोजमाप कडक केल्यावर आशा कशी मावळते, याचे उदाहरण गिंको या वनस्पतीच्या अर्काचे आहे. स्मृती टिकवण्यासाठी तो जगभर खपत असताना 3069 वृद्धांवर झालेल्या, 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुमारे सहा वर्षांच्या देखरेखीनंतरही स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी झालेले दिसले नाही.

स्वतःच्या अनुभवाचे काय करावे?

‘मला गुण आला’ हे विधान सहसा नाकारू नये, पण त्यातून कारण काढण्याची घाईही करू नये. बहुतेक माणसे दुखणे शिगेला पोहोचल्यावर नवा उपाय सुरू करतात, आणि शिगेला पोहोचलेले दुखणे त्यानंतर बहुधा उतरतेच. अचानक उद्भवलेली कंबरदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. संधिवात, अर्धशिशी, इसब यांसारखे आजार वर्षभर चढउतार दाखवत राहतात. अशा चढउतारांत शेवटी जो उपाय केला, त्याच्या पदरात श्रेय पडते.

आजार जिवावरचा नसेल आणि उपाय निर्धोक असेल, तर स्वतःपुरती एक साधी नोंद ठेवणे शक्य आहे. उपाय सुरू करण्याआधी किमान दोन आठवडे दुखण्याची तीव्रता रोज ठरलेल्या वेळी शून्य ते दहा या मापावर लिहावी. झोपेचे तास, वेदनाशामक गोळ्यांची संख्या, न थांबता चालता येणारे अंतर असे एखादे मोजता येण्याजोगे मापही सोबत घ्यावे. एका वेळी एकच बदल करावा. किती आठवड्यांनी आणि किती फरक दिसला तर उपाय चालू ठेवायचा, हे आधीच लिहून ठेवावे, कारण पैसे आणि वेळ खर्च झाल्यावर माणूस निकष सैल करतो. मुदत संपल्यावर उपाय काही काळ थांबवून नोंदी तशाच चालू ठेवल्या, तर बरीच शंका फिटते. ही पद्धत मोठ्या चाचणीची जागा घेऊ शकत नाही, पण निव्वळ आठवणीपेक्षा खात्रीने चांगली असते. ही पद्धत दमा, मधुमेह, अपस्मार, हृदयविकार यांची चालू औषधे थांबवून पाहण्यासाठी मात्र कधीही वापरू नये.

कुठे आधार आहे, कुठे नाही

दीर्घकालीन वेदना हे पूरक उपचारांचे त्यातल्या त्यात बळकट क्षेत्र आहे. 320 प्रौढांवर झालेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दीर्घकालीन कंबरदुखीसाठी आखलेला योगवर्ग फिजिओथेरपीपेक्षा उणा ठरला नाही. ताई ची या संथ व्यायामाने पार्किन्सनच्या रुग्णांचा तोल सुधारतो आणि पडण्याचे प्रसंग कमी होतात, असे 195 रुग्णांच्या 2012 मधील चाचणीत दिसले. जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या सजगतेच्या (माइंडफुलनेस) आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमाची तुलना चिंताविकारांच्या 276 रुग्णांमध्ये एस्सिटालोप्राम या औषधाशी झाली आणि 2022 च्या त्या अहवालात अभ्यासक्रम औषधापेक्षा कमी ठरला नाही. कर्करोगाच्या क्षेत्रात गाठीवर नव्हे, तर उपचारांमुळे होणाऱ्या त्रासांवर पूरक उपचारांना स्थान मिळाले आहे. स्तनाच्या कर्करोगातील ॲरोमाटेज रोधक औषधांमुळे सांधे दुखतात, त्यावर ॲक्युपंक्चर सुचवणारी मार्गदर्शक तत्त्वे कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनांनी 2022 मध्ये काढली. शस्त्रक्रियेनंतरची मळमळ मनगटाजवळच्या एका बिंदूला चेतना दिल्याने कमी होते, हे अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात दिसून आले आहे.

दुसऱ्या बाजूला, गुडघ्यांच्या झिजेसाठी ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन ही पूरके 1583 रुग्णांच्या 2006 मधील चाचणीत एकंदरीत प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या पण तशाच दिसणाऱ्या गोळीपेक्षा, सरस ठरली नाहीत. होमिओपॅथीबाबत ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने 2015 मध्ये, तिच्या परिणामकारकतेचा विश्वासार्ह पुरावा असलेला एकही आजार नाही, असा निष्कर्ष काढला. हाताच्या ऊर्जेने उपचार केल्याचा दावा तर एका शाळकरी मुलीने तपासला. एमिली रोझाने पुठ्ठ्याच्या पडद्याआडून, आपला हात उपचारकाच्या कोणत्या तळव्यावर धरला आहे हे त्याला ओळखायला लावले. 21 उपचारकांची मिळून 280 पैकी फक्त 44 टक्के उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणेफेकीहूनही कमी. तिचा अभ्यास 1998 मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

परंपरेने वापरलेली वनस्पती म्हणून एखादा उपाय झिडकारावा असेही नाही. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांनी प्राचीन चिनी ग्रंथातील सूचनेवरून शोधलेल्या आर्टेमिसिनिनने मलेरियाचे उपचार बदलले आणि 2015 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्यासाठी वनस्पतीतील नेमका घटक वेगळा केला गेला, मात्रा ठरवली गेली आणि रुग्णांवर चाचण्या झाल्या. परंपरा कुठे शोधावे हे सुचवू शकते. सापडले की नाही, हे तपासणीच ठरवते.

सुरक्षितता: इथे घाई करू नये

वनस्पतिजन्य औषध शरीरावर काम करत असेल तर ते औषधच असते, आणि इतर औषधांशी त्याचा संघर्षही होऊ शकतो. सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीचे उदाहरण दोन्ही बाजूंनी शिकवणारे आहे. चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या, 29 चाचण्यांतील 5489 रुग्णांच्या 2008 मधील आढाव्यात ती नैराश्यावर प्लासिबोपेक्षा सरस आणि प्रचलित औषधांच्या तोडीची ठरली. तीच वनस्पती औषधे मोडणाऱ्या यकृतातील विकरांचा (एन्झाइम) आणि औषधे पेशींबाहेर टाकणाऱ्या एका प्रथिनाचा वेग वाढवते, त्यामुळे प्रत्यारोपित अवयव शरीराने नाकारू नये म्हणून दिले जाणारे सायक्लोस्पोरिन, रक्ताची गुठळी टाळणारे वॉरफरिन, हृदयासाठीचे डिगॉक्सिन, गर्भनिरोधक गोळ्या आणि एचआयव्हीवरील काही औषधांचे रक्तातील प्रमाण घटते. नैराश्यावरील इतर गोळ्यांबरोबर घेतल्यास सेरोटोनिन हे मेंदूतील रसायन धोकादायकरीत्या वाढू शकते. हृदय प्रत्यारोपण झालेल्या दोन रुग्णांच्या शरीराने ती घेऊ लागल्यानंतर नवे हृदय नाकारण्यास सुरुवात केल्याची नोंद 2000 मध्ये झाली.

उत्पादनात लेबलवर लिहिलेलेच असेल असे गृहीत धरू नये. बेल्जियममध्ये 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला वजन कमी करण्याच्या उपचारात एका चिनी वनस्पतीऐवजी ॲरिस्टोलोकिया ही दुसरी वनस्पती मिसळली गेली आणि शंभराहून अधिक स्त्रियांच्या मूत्रपिंडांना गंभीर इजा झाली. पुढे त्यांच्यापैकी अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या 193 आयुर्वेदिक उत्पादनांच्या 2008 मधील तपासणीत सुमारे एक पंचमांश उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले, आणि धातूंची भस्मे वापरणाऱ्या रसौषधींत हे प्रमाण जास्त होते. हळदीचे तीव्र अर्क, अश्वगंधा आणि हिरव्या चहाचे अर्क यांमुळे काही जणांच्या यकृताला सूज आल्याचेही वैद्यकीय साहित्यात नोंदवले गेले आहे.

जीवनसत्त्वेही यातून सुटत नाहीत. फिनलंडमधील 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या चाचणीत बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी 18 टक्क्यांनी वाढलेला आढळला. केस आणि नखांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या मोठ्या मात्रेमुळे रक्तचाचण्यांचे आकडे चुकू शकतात; हृदयविकाराच्या झटक्याची खूण असलेले ट्रोपोनिन प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्ये दिला.

गोळी नसलेल्या उपायांनाही मर्यादा आहेत. काचबिंदू असल्यास डोके खाली जाणारी आसने टाळावीत. हाडे ठिसूळ झाली असल्यास पाठीचा कणा जोराने पुढे वाकवू नये. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी असेल किंवा रक्तातील बिंबिका (प्लेटलेट्स) फार कमी असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मालिश करून घेऊ नये. मानेला झटका देण्याच्या प्रकाराने मेंदूकडे जाणारी धमनी फाटल्याच्या दुर्मीळ पण गंभीर घटना नोंदलेल्या आहेत.

जोडीने की त्याऐवजी?

2018 मधील दोन अमेरिकी अभ्यास शेजारी ठेवून वाचावेत. पहिल्यात शरीरात इतरत्र न पसरलेल्या कर्करोगासाठी केवळ पर्यायी उपचार निवडणारे 281 रुग्ण होते. प्रचलित उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्या मृत्यूचा धोका अडीच पट आढळला, आणि स्तनाच्या कर्करोगात तो पाचपटीहून अधिक होता. दुसऱ्यात निदान एक तरी प्रचलित उपचार घेऊन जोडीने पूरक उपचार घेणारे 258 रुग्ण होते. त्यांच्याही मृत्यूचा धोका सुमारे दुप्पट दिसला, पण कारण शोधल्यावर असे आढळले की त्यांच्यातील 34 टक्क्यांनी केमोथेरपी आणि 53 टक्क्यांनी रेडिएशन नाकारले होते. हे नाकारणे हिशेबात धरल्यावर दोन गटांतला लक्षणीय फरक उरला नाही. हे निरीक्षणात्मक अभ्यास आहेत, म्हणजे कोणी कोणता उपचार घ्यायचा हे रुग्णांनीच ठरवले होते, त्यामुळे त्यांतून कार्यकारणाचा पक्का निष्कर्ष काढता येत नाही. तरीही धोका मुख्यतः जोडीच्या उपचारात नसून त्यापायी सुटलेल्या उपचारात होता, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे.

या दृष्टीने उपचारकाची परीक्षा सोपी होते. चालू औषधे बंद करायला सांगणारा, तपासण्यांना विरोध करणारा, मिश्रणातील घटक गुप्त ठेवणारा, एकच उपाय परस्परांशी संबंध नसलेल्या अनेक आजारांवर चालतो म्हणणारा किंवा त्रास वाढल्यावर ‘शरीरातील विष बाहेर पडत आहे’ असे समजावणारा उपचारक सोडून द्यावा. किती बैठका, एकूण किती खर्च आणि गुण न आल्यास केव्हा थांबायचे, याचे स्पष्ट उत्तर देणारा उपचारक शोधावा.

डॉक्टरांना सांगण्याची जबाबदारी मात्र रुग्णावरच येते, कारण सगळेच डॉक्टर विचारत नाहीत. काढे, चूर्णे, अर्क, जीवनसत्त्वे, तेले यांची यादी मात्रेसह लिहून न्यावी. डब्या बरोबर नेल्या तर आणखी चांगले. ‘मी हे घेऊ का?’ असे विचारण्याऐवजी ‘माझ्या सध्याच्या औषधांबरोबर याचा काही विपरीत परिणाम होतो का, आणि कोणती लक्षणे दिसली तर थांबवावे?’ असे विचारावे. संवाद होकार-नकारावर अडत नाही. डॉक्टरांनी सगळे उडवून लावले तर औषधनिर्माणतज्ज्ञाशी बोलावे. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञाला हीच यादी दाखवावी, कारण गिंको, लसणाचे अर्क आणि जिनसेंग यांमुळे रक्तस्राव वाढू शकतो आणि अशी उत्पादने सहसा दोन आठवडे आधी थांबवायला सांगतात.

स्वतः वाचायचे असल्यास कॉक्रेनचे आढावे सामान्य वाचकासाठी लिहिलेल्या सारांशासह उपलब्ध आहेत; त्यात पुराव्याची खात्री उच्च, मध्यम, कमी किंवा अतिशय कमी अशी स्पष्ट लिहिलेली असते, आणि आढाव्यातला सर्वांत महत्त्वाचा शब्द बहुधा तोच असतो. वनस्पती आणि कर्करोगाची औषधे यांच्या परस्परपरिणामांसाठी मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग केंद्राची माहिती, तर यकृतावरील दुष्परिणामांसाठी अमेरिकी राष्ट्रीय आरोग्य संस्थांचा ‘लिव्हरटॉक्स’ हा कोश विश्वासार्ह आहे.

उपाय सुरू केल्यानंतर डोळे पिवळे होणे किंवा लघवी गडद होणे, अंगाला खाज सुटणे, लघवी कमी होणे, अकारण रक्तस्राव किंवा पुरळ यांपैकी काहीही दिसले तर उपाय लगेच थांबवून डॉक्टरांकडे जावे. उरलेले औषध फेकून देऊ नये. वेष्टन, खरेदीची पावती आणि बॅच क्रमांक जपून ठेवावा, कारण उत्पादनाची तपासणी त्यावरूनच करता येते, आणि औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या यंत्रणेकडे अशी तक्रार डॉक्टरांमार्फत किंवा स्वतःही पाठवता येते.